वैनगंगा ओलांडून गेलेली आगगाडी

चांद्याहून गडचिरोलीला जायचे असेल तर माझा पहिला सल्ला असा की, जाऊ नका. जायचेच असेल तर मेहुण्याबरोबर जाऊ नका. आणि मेहुणा टळतच नसेल तर त्याच्याजवळ आगगाडी नाही ना, एवढे तरी निघण्यापूर्वी पाहून घ्या. मी यातले काहीच पाळले नाही. परत आल्यापासून लोक विचारतात, "काय हो, प्रवास कसा झाला?" म्हणून एकदाचे लिहूनच टाकतो, म्हणजे घसा तरी वाचेल.

चांदा

माझा मेहुणा विनायक. त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, चांद्याला आरागिरणी आहे. तिथे सागाचे ओंडके चिरतात आणि उरलेल्या तुकड्यांची विनायक आगगाडी करतो. करतो म्हणजे काय, कित्येक वर्षे करतोच आहे. दिल्ली-मद्रासची मेल रात्री चांद्यावरून धडधडत जाते, तेव्हा सारे गाव कूस बदलून झोपते आणि हा फलाटावर जाऊन उभा राहतो. हिच्यात काय चुकले आहे ते पाहायला!

त्याच्या मते बरेच चुकले आहे. म्हणून त्याने उद्याची गाडी बनवली. इंजिन आणि चार डबे, सारे एका लांब फळीवर रूळ ठोकून उभे केलेले. तिसऱ्या वर्गाच्या उतारूला आडवे व्हायला फळी, माठ ठेवायला कोनाडा, आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चालत जायला मधून वाट. खिडक्यांच्या झडपा खरोखर वरखाली होत. लांबी म्हणाल तर मी शेजारी आडवा पडलो असतो तर माझे पाय आधी संपले असते. वजन म्हणाल तर उचलताना माझ्या पाठीतून असा आवाज आला की शेजारच्यांना वाटले, गिरणीत ओंडका फाटला.

गडचिरोलीला सरकारी प्रदर्शन भरायचे होते आणि तिथे रेल्वेचा एक साहेब येणार होता. नागपुरास डब्यांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत एक जागा होती, आणि या साहेबाने गाडी पाहून मान डोलावली की ती जागा विनायकची. सासऱ्यांनी अंगणात उभे राहून निकाल सांगितला.

"साहेबानं घेतला तं जा बाप्पा नागपूरले. नाई घेतला तं सोमवारपासून आऱ्यावर उभा राह्य. मंग पुन्हा गाडीचं नाव नाई काढाचं."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जवाईबापू, तुमी संग जा. तुमी शहाणे हा."

हे वाक्य ज्याने ऐकले त्याने समजावे, आपले आता काही खरे नाही.

निघताना सासूबाईंनी इंजिनाला हळदकुंकू लावले, धुराड्याला लिंबू-मिरची बांधली, डब्यांवर हिरवा खण पांघरला आणि दृष्ट लागू नये म्हणून कडुनिंबाचा डहाळा खोचला. विनायक म्हणाला, "आई, हे विज्ञान आहे." त्या म्हणाल्या, "असू दे, विज्ञानालेबी नजर लागते." हा डहाळा नीट लक्षात ठेवा.

छोटी लाईन

चांद्याहून मूल गावापर्यंत छोट्या लाईनीची गाडी जाते. जाते असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आमच्या डब्यात एक माशी होती. ती कंटाळून खिडकीतून उडाली आणि पुढच्या स्टेशनावर गेली. आम्ही तिथे पोचलो तेव्हा तिचा संसार थाटला होता आणि तिची पोरे आम्हाला पाहुणे समजून अंगावर बसली. खोटे वाटत असेल तर त्या गाडीत बसून बघा. माशी अजून तिथेच असेल.

विनायकची गाडी ज्या पेटीत भरली होती ती पेटी सामानाच्या डब्यात जाईना, म्हणून आमच्यातच ठेवली. मग डब्यातले सारे लोक तिच्यावर बसले, सुपारी कातरू लागले आणि विचारू लागले की आत काय आहे. विनायकला एवढेच हवे होते. त्याने सर्वांना उठवले, झाकण उघडले आणि व्याख्यान सुरू केले. पुढे असा काळ येणार की गरिबातला गरीब माणूस चांद्याला झोपेल आणि दिल्लीला जागा होईल. कोणी कोणाच्या पायावर पाय देणार नाही. गाडीत पाणी असेल, वारा असेल.

"बिडी ओढू देतेत का?" एका म्हाताऱ्याने विचारले.

"देतील."

"मंग ठीक हाये. आन् जाईन कुठी कुठी हे?"

विनायकने दिल्ली सांगितली, मद्रास सांगितले, कलकत्ता सांगितले. मग त्याला राहवेना. म्हणाला, "गडचिरोली. तिथून एटापल्ली. तिथून जंगल ओलांडून थेट बस्तर."

सारा डबा हसला. हसता हसता म्हाताऱ्याची बिडी विझली. "एटापल्लीले? आगगाडी? अरे बापू, तिथी तं बैलबी विचार करून जाते!"

विनायक हिरमुसला. मी मात्र मनातून म्हाताऱ्याच्या बाजूचा होतो.

सावली

मूलहून सर्व्हिस मोटारीने सावलीला आलो. भात खूप खाल्ला. या भागात भाताला सुरुवात असते, शेवट नसतो. सोबत लाखोळीच्या डाळीचे वरण आणि जवसाची चटणी. आमच्या चांद्याकडे पाहुण्याला 'घ्या, घ्या' म्हणतात. इथे काही म्हणत नाहीत, नुसते वाढतात. नको म्हणायला तोंड उघडावे तर तोंडातही भातच असतो.

सावलीच्या पुढे मोटारीने मान टाकली. ड्रायव्हर खाली उतरला, चाकाखाली पाहिले, आणि 'उद्या' म्हणून झाडाखाली निजला. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होते. तेवढ्यात देवाजी नावाचा माणूस आपली रेंगी घेऊन आला. रेंगी म्हणजे तिकडची हलकी बैलगाडी. हलकी म्हणजे इतकी की बैल शिंकला की आपण उतरतो.

"गडचिरोलीले नेशील का, देवाजीभाऊ?"

"नेतो. पर बैलाले विचारा लागन."

बैलांनी काय सांगितले कळले नाही, पण आम्ही निघालो. फागुन संपत आला होता. पळस पेटला होता, आणि मोहाखाली फुलांचा असा थर पडला होता की वासानेच बैल वाकडे चालू लागले. एका गावाच्या शिवेजवळ रेंगीचे चाक निखळले. पेटी धाडकन खाली आली आणि फुटली.

विनायकचा चेहरा पाहवेना. त्याने गाडी बाहेर काढली, झटकली, चाके फिरवून पाहिली. काही मोडले नव्हते. शिवेवर कडुनिंबाखाली एक सपाट दगड होता. त्यावर त्याने गाडी नीट मांडली, इंजिनाचे तोंड उगवतीकडे, म्हणजे ज्या बाजूला गडचिरोली त्या बाजूला. खण सारखा केला. देवाजी चाक बसवत राहिला आणि आम्ही दोघे पेटी बांधायला दोरखंड मागायला गावात गेलो.

"कोणी नेईल का, भाऊजी?"

"अरे, आगगाडी कोण चोरतो?" मी म्हणालो. शहाणा ना मी!

गावात कोणी बोलायच्या मनःस्थितीत नव्हते. जनावरांत खुरीची साथ होती. गोठ्यागोठ्यातून जनावरे पाय आखडून उभी, तोंडाला फेस, वैरण तशीच पडलेली. एका घरी दोरखंड मिळाला. परत आलो तर दगडावर गाडी नव्हती. लिंबाची एक फोड होती, थोडे कुंकू होते, आणि देवाजी चाकावर शांतपणे वंगण चोळत होता.

"देवाजी! गाडी?"

"गेली."

"कुठी गेली?"

"पुढं गेली. गावचे लोक आले, पाया पडले, उचलून पुढच्या शिवेवर घेऊन गेले."

"आणि तू बघत बसलास? बोलला काऊन नाईस?"

"मले वाटलं तुमीच मरीमायले पोचवून राह्यले. हिरवा खण हाये, लिंबू हाये, निंबाचा डहाळा हाये, शिवेवर मांडली, तोंड उगवतीकडं. आता याच्याहून कसं पोचवतेत, सांगा!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साथ आली की त्या भागात मरीमायचा गाडा काढतात. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवीचा मान ठेवायचा आणि आपल्या शिवेबाहेर नेऊन ठेवायचा. पुढच्या गावाने तो उचलून आपल्या पुढच्या शिवेवर न्यायचा. कोणी अडवायचा नाही, कोणी मोडायचा नाही, आणि रोग त्याच्यासंगे गावोगाव पुढे पुढे निघून जातो. गावे त्याची वाटच पाहत होती. आम्ही त्यांना चार डब्यांचा, मधून वाट असलेला, खिडक्यांना झडपा असलेला गाडा आणून दिला! असा डौलदार गाडा मरीमायलाही पिढ्यान्‌पिढ्या मिळाला नसेल.

शिवेमागून शीव

मग आम्ही पाठलाग केला. पाठलाग म्हणजे रेंगीतून. एका गावी पोचलो की कळे, "आताच गेली." पुढच्या गावी, "हे काय, आताच." आमची छोटी लाईन, सर्व्हिस मोटार आणि रेंगी तिघींनी मिळून जी चाल दाखवली नाही ती ही बिनवाफेची गाडी दाखवत होती. कुठे सिग्नल नाही, कुठे पाणी भरणे नाही, कुठे उतारूंची भांडणे नाहीत. आपल्या गावात ती एक क्षण जास्त थांबू नये म्हणून सारे गाव धावत होते. रेल्वेने एवढा एक नियम उचलला तर देशातली एकही गाडी कधी उशिरा येणार नाही: जिथे गाडी थांबेल तिथे रोगराई होईल, असे स्टेशनमास्तरला सांगून ठेवावे.

आणि गावोगाव तिची कीर्ती वाढत होती. एका गावी सांगितले की तिला डोळे आहेत. पुढच्या गावी, की ती रात्री आपली आपण शिट्टी देते. त्याच्या पुढच्या गावी एका बाईने मला शपथेवर सांगितले की मधल्या डब्यातून देवीने झडप उघडून बाहेर पाहिले. "आन् बाई, उकाडा हाये म्हनली!"

विनायक हे ऐकून उठून बसला. "म्हणजे झडप चालते अजून!"

"तुझी झडप चालते, पण नोकरी चालली," मी ओरडलो. "ही माणसं तिला नेणार कुठं शेवटी?"

देवाजी बैलांना हाकत म्हणाला, "वैनगंगेपर्यंत. पल्याडच्या गावानं घेतली तं घेतली. नाई तं नदीत शिरवते, पान्यात सोडून देते."

त्यानंतर देवाजीच्या बैलांना मी इतक्या शिव्या दिल्या की त्यातल्या एकाने, मी खोटे सांगत नाही, मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि जाणूनबुजून आणखी हळू झाला.

वैनगंगा

नदीकाठी पोचलो तेव्हा डफडे वाजत होते. वाळूच्या मैदानापलीकडे पाण्याची निळी धार होती, आणि तिच्या काठावर विनायकची गाडी. डब्यांवर हिरव्या बांगड्या चढल्या होत्या, इंजिनासमोर नारळ होता आणि मालाच्या डब्यात, ज्याचे दार विनायकने फार विचार करून रुंद ठेवले होते, एक जिवंत कोंबडा मान काढून बसला होता. तिसऱ्या वर्गाच्या उतारूला इतक्या आरामात बसलेले मी जन्मात पाहिले नव्हते.

पलीकडच्या काठावर कोणी आले नव्हते. त्या गावाला निरोपच गेला नव्हता. दोघे जण गाडी उचलून पाण्यात शिरू लागले. विनायक वाळूतून असा धावला की त्याच्या वहाणा मागेच राहिल्या. मी त्या उचलल्या. पुढे त्या मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वागवाव्या लागल्या.

"थांबा! ती गाडी माझी आहे!"

डफडे थांबले. गावातली वडीलधारी, कौसाबाई म्हणून, पुढे आली. उंच, पांढरे केस, आवाज असा की पलीकडच्या काठावरचे बगळेसुद्धा सावरून उभे राहिले असतील.

"तुई हाये? तं मंग शिवेवर काऊन ठेवली?"

विनायकने सारे सांगितले. प्रदर्शन, साहेब, नोकरी. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, "बरं बापू. चूक कोनाची नाई. पर आता ते मागं नाई येत. ज्या वाटेनं माय गेली त्या वाटेनं फिरली, तं माह्या गोठ्यात काय होईन? या सगळ्याहीच्या गोठ्यात?"

मागे उभे असलेले लोक नुसते गाडीकडे पाहत होते. मी पुढे होऊन म्हणालो, "बाई, गडचिरोली पुढंच आहे. आम्हाला पुढंच जायचं आहे."

"पल्याड कोनी घेतली पाह्यजे. इथून हातात नाई देता येत. तुमचं गाव कोनतं?"

"चांदा."

"चांदा मागं रायला."

विनायकने धोतर वर खोवले आणि पाण्यात उतरला. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. मी ओरडत राहिलो की वेड्या, डोंगा आहे, डोंग्यातून जा. त्याला ऐकू आले नाही. पलीकडे वाळूवर चढला, ओलाचिंब, आणि तिकडून ओरडला, "मी घेतो!"

"आन् पुढं देशीन?" कौसाबाईने नदीपार आवाज टाकला. "मागं नाई फिरवणार?"

"पुढं देईन! मागं नाई फिरवणार!"

मग गाडी डोंग्यात चढली. त्या घाटावरून वैनगंगा पार केलेली पहिली आगगाडी ती. पूल नव्हता, रूळ नव्हते, आणि इंजिन ड्रायव्हर कोंबडा होता. कौसाबाई आणि तिच्या गावची चारदोन माणसे दुसऱ्या डोंग्यातून मागे आली. शब्द पाळला जातो की नाही, हे त्यांना पाहायचे होते. मी तिसऱ्या खेपेला गेलो, वहाणा घेऊन.

गडचिरोली

प्रदर्शनात माणसाएवढा भोपळा होता, धूर न करणारी चूल होती (तिच्याभोवती धुराने डोळे पुसणारी मंडळी होती), सुधारलेला नांगर होता, आणि मध्यभागी आमची गाडी. कौसाबाईने देवीला वाहिलेले काहीच काढू दिले नाही. कोंबडाही उतरायला तयार नव्हता.

साहेब आला. आधी हसला, मग वाकला, मग जमिनीवर गुडघे टेकून बसला आणि झडपा वरखाली करू लागला. डब्यातून डब्यात जाणाऱ्या वाटेत त्याने बोट घातले ते दुसऱ्या टोकाला काढून पाहिले. विनायकला त्याने प्रश्नांवर प्रश्न विचारले. आता सासऱ्यांना कसे सांगायचे, त्याची वाक्येही मी जुळवू लागलो.

"जागा तुमचीच समजा," साहेब म्हणाला. "पण माझ्या वरच्या साहेबांनी हे डोळ्यांनी पाहिलं पाहिजे. गाडी माझ्या जीपमध्ये ठेवा. आजच नागपूरला नेतो."

जीपचे तोंड नदीकडे होते.

विनायकने जीपकडे पाहिले. मग कौसाबाईकडे. ती नुसती उभी होती, पदर डोक्यावर घेऊन.

मी त्याला बाजूला ओढले. "ताडपत्री टाकू. दुसऱ्या घाटानं नेऊ. कोणाला दिसणार आहे?"

"भाऊजी, इतकी वर्षं मी लोकांना सांगतोय की बसा, मी पोचवतो. सगळे हसले. आज पहिल्यांदा कोणी माझ्या गाडीच्या भरवशावर काही पाठवलंय."

"काय पाठवलंय? खुरी!"

"तीच त्यांना सगळ्यात लांब पाठवायची होती."

आणि हा गृहस्थ जाऊन साहेबाला म्हणाला, "साहेब, मी येतो. नकाशे आणतो. पण गाडी मागं जाणार नाही."

साहेबाला वाटले, थट्टा आहे. नाही असे कळल्यावर तो रागावला. "नकाशे सगळेच आणतात. परत न येणारी गाडी कसली गाडी? तिला कोण तिकीट काढील?" जीप धूळ उडवत नदीकडे गेली. सोमवार अगदी समोर दिसू लागला.

त्या संध्याकाळी गडचिरोलीच्या उगवतीच्या शिवेवर विनायकने आपल्या हाताने गाडी मांडली. खण सारखा केला. चाके एकदा फिरवून पाहिली. पलीकडच्या गावचे लोक झाडांतून आले, पाया पडले आणि उचलून घेऊन गेले. कोंबड्याने वळून पाहिले. विनायकने पाहिले नाही. कौसाबाईने जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटे आपल्या कपाळाशी मोडली. मला म्हणाली, "भाऊ, त्याच्या वहाना देऊन टाका आता. पाय भाजून राह्यले त्याचे."

परत चांदा

परतीच्या प्रवासाबद्दल लिहीत नाही. माशीची नातवंडे भेटली, एवढे पुरे.

सोमवारी विनायक आऱ्यावर उभा राहिला. मी मात्र घरात, दारात, पानठेल्यावर, जिथे ऐकणारा भेटेल तिथे बोलत होतो, की असा मूर्ख माणूस या जिल्ह्यात झाला नाही. अजून माझे तेच मत आहे.

मग परवा एटापल्लीकडचा लाकूड आणणारा एक माणूस गिरणीवर आला. ओंडके उतरवता उतरवता सहज म्हणाला की तिकडे एक अजब गाडा पाहिला. आगगाडीसारखा. एटापल्लीच्याही पुढे, जंगलातल्या वाटेवर. चाके घासली होती ती कोणी नवी बसवली होती. आणि मागे एक डबा बांबूचा, विणलेला, नवा जोडला होता.

विनायकच्या हातातला आरा थांबला. "बांबूचा? त्यात बाक कसे आहेत?"

"बाक नाईत. खालीच बसाचं. मधात मोकळी जागा हाये, चूल मांडाले."

विनायकने कानावरची पेन्सिल काढली आणि समोरच्या फळीवर रेघा ओढायला सुरुवात केली. ती फळी गिऱ्हाइकाच्या दाराची होती. सासऱ्यांनी पाहिले. ओरडतील म्हणून मी एक पाऊल मागे सरलो. ते त्या माणसाकडे वळून म्हणाले, "एवढ्या लांब? मंग विचारलं नाई का तुमी, कुठी जाऊन राह्यली हे?"

"विचारलं ना," तो घाम पुसत म्हणाला. "पुढं, म्हनले."